बाळाबाईनं घेतलं भलतंच नाव

ब्राह्मीनं भूपाल मास्तराला पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तो सायकलीसकट तिच्या तंबाखूत पडला होता.

माघाचे दिवस. निपाणीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात घराघरापुढं तंबाखू वाळत पडलेला, आणि बाबगोंडा पाटलांच्या खळ्यात तर मुंगीला वाट काढायची म्हटलं तरी वळसा घालावा लागायचा. पाटलांची एकुलती लेक ब्राह्मी चार बायकांना घेऊन पानं परतत होती. तेवढ्यात गाडीवाटेनं एक सायकल आली. सायकलीवर मास्तर, मास्तराच्या डोक्यावर पांढरी टोपी, आणि हातात उघडं पुस्तक. एका हातानं सायकल, एका हातानं पुस्तक, आणि तोंड मोकळं म्हणून त्यातून घोकंपट्टी चाललेली. "उपमेय आणि उपमान यांतील साम्य जिथे चमत्कृतिपूर्ण रीतीने..."

पुढचं वाक्य तंबाखूतच गेलं.

मग शिंका सुरू झाल्या. पहिल्या शिंकेला खळ्यातल्या चिमण्या उडाल्या. सातवीला शेजारच्या घरची म्हैस दावं तोडून पळाली. एकविसावी तर म्हणे थेट निपाणीच्या बाजारात ऐकू गेली, आणि हमालांना वाटलं की कुणाची तरी वखार बसली.

"मास्तर, मंतर म्हणत आलासा आन् पडलासा," ब्राह्मी म्हणाली. "कसला मंतर हाय ह्यो?"

"मंत्र नाही... अलंकार." शिंक. "परीक्षा आहे. बेळगावला. वैशाखात."

बायकांनी कान टवकारले. एकीनं विचारलं, "डागिन्यांची परीक्षा असती व्हय?"

"भाषेचे अलंकार." भूपाल उठून टोपी शोधायला लागला. बेळगावात शिकलेला, म्हणून बोलणं पुस्तकी. "एखाद्या गोष्टीला दुसरीसारखं म्हणायचं. ती उपमा. उदाहरणार्थ, मुख चंद्रासारखं."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे... पुस्तकात आहे तसं."

"तुमी बघितलंयसा कदी तसलं तोंड?"

"नाही."

"मग न बघता कसं लिवतासा? मी समोर दिसतंय त्ये सांगते." ब्राह्मीनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट निरखून पाहिलं, तंबाखूचं पान पारखावं तसं. "मास्तरांचं नाक संकेश्वरी मिरचीसारखं लाल झालंय."

बायका पोट धरून हसल्या. दुसरा कुणी असता तर सायकल उचलून चालता झाला असता. भूपालनं खिशातून पेन्सिल काढली आणि पुस्तकाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून घेतलं.

"काय लिवलंसा?"

"उपमा," तो गंभीरपणे म्हणाला. "उदाहरण पहिलं."

आणि ब्राह्मीला, जिला कधी कुणाचं काही वाटत नसे, उगाचच पदर नीट करावासा वाटला.

आता ब्राह्मी म्हणजे कोण, तर त्या पंचक्रोशीची उखाणेवाली. शिक्षण मराठी चौथी. आई लहानपणी गेली, आप्पांनी, म्हणजे पाटलांनी, वाढवली. पण दोन वर्षांची असल्यापासून पोरीला यमकातच बोलायची खोड. लग्न ठरलं की नवरीची आई आधी ब्राह्मीकडं यायची आणि मग सोनाराकडं. तिचे उखाणे म्हणजे साधं काम नव्हतं. नवरा कसा, सासू कशी, घरी म्हशी किती, सगळं विचारून ती ओळ बांधायची. शामूची बायको रोज नवऱ्याच्या रागाला वैतागलेली. तिला ब्राह्मीनं बांधून दिलं,

तव्यावरची भाकरी फुगली टम्म,
शामूराव रागावले तरी आतनं नरम.

एका हळदीकुंकवात तिनं ते म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शामूनं आवाज चढवला की शेजारची पोरं विचारायची, आतनं नरम काय? आठ दिवसांत शामूचा राग गेला तो गेलाच. पुढं तर म्हणे त्याच्या बैलांनीसुद्धा मारकेपणा सोडला.

तर भूपाल रोज शाळा सुटली की खळ्याशेजारून जायला लागला. शाळा गावाच्या उगवतीला, त्याची खोली शाळेच्या मागंच, आणि खळं पार मावळतीला. वाटेत कसं काय पडत होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. ब्राह्मीनं विचारलं नाही.

खळ्याच्या दगडी कठड्यावर तो बसायचा, वही उघडायचा. चार बायका पानं परतत असायच्या आणि कान इकडं.

"आज रूपक. दोन गोष्टी वेगळ्या मानायच्याच नाहीत. एकच."

"मास्तरांच्या नाकमिरचीला अजून पाणी सुटतंय."

"बरोबर." तो लिहून घ्यायचा. "आता अपन्हुती. म्हणजे, हे ते नव्हेच असं ठासून सांगायचं."

"ह्ये नाक न्हवंच मुळी. कुणीतरी मिरची चिकटवलीया तितं."

"व्यतिरेक. म्हणजे ज्याची उपमा द्यायची, त्याच्यापेक्षा हे सरस."

"मास्तरांचं नाक बघून मिरची लाजली, आन् बांधाआड जाऊन बसली."

भूपालची पेन्सिल थांबली. "यात चेतनगुणोक्ती पण आली. मिरचीला लाज वाटली, म्हणजे निर्जीवाला जीव आला. एका ओळीत दोन... हे कसं सुचतं तुला?"

"सुचतंय कसलं? नाक समोर हाय."

अतिशयोक्ती मात्र शिकवावी लागली नाही. त्यानं नुसता शब्द उच्चारला आणि ब्राह्मी म्हणाली, "मास्तर शिंकले आन् बेळगावच्या किल्ल्याम्होरलं तळं सांडलं. किल्ल्यातलं लोक परातीत बसून बाहीर आलं."

"ही अतिशयोक्ती."

"कसली अतिशयोक्ती? खरं हाय. इचारा कुणाला बी."

एकदा तिनंच विचारलं, "मास्तर, पुस्तकात उखाण्याचं काय लिवलंय?"

भूपालनं पानं चाळली. ओवी होती, अभंग होता, आर्या होती, श्लोक होता, पोवाडासुद्धा होता. "उखाणा नाही."

"एवढ्या जाड पुस्तकात उखाणा न्हाय? मग बाप्यानं लिवलेलं असणार ते."

तो हसला. फार हसायचा नाही तो. हसला की मान खाली घालायचा, जसं काही हसू जमिनीवर सांडेल आणि उचलावं लागेल. ब्राह्मीनं त्या दिवशी घरी जाऊन आमटीत दोनदा मीठ घातलं. आप्पांनी निमूट खाल्ली आणि तांब्याभर पाणी प्याले.

आता उखाणा बांधायचा म्हटलं की एक अडचण असते. नावाची जागा रिकामी ठेवून चालत नाही. ओळ लंगडते. काहीतरी नाव घालून म्हणून बघावं लागतं. ब्राह्मी आजवर 'अमुकराव' घालायची. त्या अमुकरावांनी गावातली तीस लग्नं पार पाडली होती. पण माघापासून अमुकराव कुठं गेले कुणास ठाऊक, आणि त्यांच्या जागी भूपालराव येऊन बसले. मुद्दाम नाही हं. नाव आटोपशीर, कुठल्याही ओळीत मावतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. नवऱ्या आपापल्या घरी जाऊन आपापल्या नवऱ्याचं नाव घालायच्या, काम व्हायचं.

शेजारच्या बाळाबाईचं लग्न ठरलं तेव्हा मात्र गाडी अडली. बाळाबाई ब्राह्मीची जिवाभावाची मैत्रीण. शेतकऱ्याची लेक, मनानं लोणी, पण पाठांतराला एकदम कच्ची. तिच्या डोक्यात एक ओळ शिरायला वीस दिवस लागायचे, आणि एकदा शिरली की पहारीनं उचकटली तरी निघायची नाही. नवरा बेळगावजवळच्या पिरनवाडीचा, नाव परशराम. ब्राह्मी रोज तिला समोर बसवून म्हणवून घ्यायची.

वेदगंगेच्या काठावर डोलतोय ऊस,
भूपालराव बोलले की जीवात पडतो पाऊस.

"ह्यो भूपालराव कोण गं?" बाळाबाईनं विचारलं.

"कोण न्हाय. जागा धरून बसलाय. तू परशरामराव म्हण."

"शाळेतलं मास्तर बी भूपालच हायत न्हवं?"

"असतील. मी कशाला त्यास्नी नाव इचारू?"

"मग येवडी लाल कशानं झालीस?"

"उन्हानं."

"आक्का," बाळाबाई म्हणाली, "आपण माजघरात बसलोय."

फाल्गुनात एका दुपारी आभाळ भलतंच भरून आलं. आप्पा निपाणीला गेलेले, बायका जेवायला घरी गेलेल्या, आणि खळ्यात शेवटचा तंबाखू उघडा. चार थेंब पडले तरी पानाला काळा डाग पडतो, वर्षाची मेहनत जाते. ब्राह्मी एकटीच धावाधाव करत होती. तेवढ्यात बघते तर भूपाल. शाळेतून धावत आलेला, टोपी नाही, पायात वहाण नाही. शब्द न बोलता त्यानं पानांच्या पेंढ्या उचलायला सुरुवात केली. शिंकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण उचलत होता. शेवटची पेंढी ताणलेल्या ताडपत्रीखाली गेली आणि आभाळ फाटलं.

दोघंही ताडपत्रीच्या कडेला, जेमतेम डोकं वाचेल एवढ्या जागेत. वर थेंबांचा ताशा. तंबाखूचा उग्र वास आणि ओल्या मातीचा वास एकमेकांत मिसळलेला. ब्राह्मीचा श्वास अजून खाली बसला नव्हता. धावल्यामुळं, दुसरं काय.

"ब्राह्मी..."

"काय?"

"तुझ्या केसांत... पान अडकलंय."

"मग काढा की."

त्याचा हात वर आला. निम्म्यावर आला. तिथंच थांबला, जणू हवेत कुणी रेघ मारली होती. तिनं मान थोडी कलती केली... आणि पाऊस मेला थांबला. असा थांबला की जसा कुणी वरून नळ बंद केला. गाडीवाटेवर आप्पांच्या बैलांची घुंगरं वाजली. भूपालनं हात खाली घेतला.

ते पान ब्राह्मीनं संध्याकाळपर्यंत केसांतच ठेवलं.

चैत्र सरता सरता आप्पा जेवताना म्हणाले, "चिकोडीच्या व्यापाऱ्याकडनं निरोप आलाय. त्यांचा धनपाल. घर चांगलं हाय, दुकान हाय. बाळाबाईचं लगीन उरकलं की दुसऱ्या दिवशी बघाया येतो म्हणालेत. मी म्हटलं, या."

ब्राह्मीच्या हातातला घास हातातच राहिला. बाळाबाईचं लग्न वैशाखात, आणि मास्तर परीक्षेला बेळगावला जायचा तोही लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं. परीक्षा झाली की कुठं नेमणूक होईल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी ती कठड्याशी उभी राहिली. खळं आता मोकळं होतं. परतायला पानं नव्हती आणि ऐकायला बायका नव्हत्या.

"मास्तर, चिकोडीची माणसं यायची हायत आमच्यात."

"कशाला?"

"तंबाखू बघाया न्हाय."

भूपालनं टोपी काढली, परत घातली. मग त्यानं वही उघडली. उलटी धरली होती, ती सुलटी केली. "ओवी... आज ओवी बघू. ओवीला साडेतीन चरण असतात. पहिल्या तीन चरणांना यमक. चौथा तोकडा."

"मास्तर."

"चौथा तोकडाच ठेवतात. म्हणजे कसं... काहीतरी म्हणायचं राहून गेलंय असं वाटतं."

"मग म्हणा की, राहिलेलं."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. खळ्यावरून एक होला उडून गेला, तोही वाट बघून कंटाळला असावा.

"मला स्वतःचं काही सुचत नाही, ब्राह्मी," तो हळू म्हणाला. "दुसऱ्याचं म्हणायचीच सवय झाली. परीक्षेत 'स्वतःचं उदाहरण द्या' असा प्रश्न असतो. मागच्या वर्षी तिथंच नापास झालो."

ब्राह्मीला त्याची कीव आली आणि रागही आला. राग जरा जास्त. "दोन वह्या भरून माझं घेऊन चाललासा बेळगावला. आन् मला एक ओळ द्यायला तुमच्याकडं न्हाय." तिनं पदर खोचला आणि चालायला लागली. त्यानं हाक मारली असती तर ती थांबली असती. पाऊल अगदी हळू टाकत होती. पण हाक आली नाही.

बाळाबाईचं लग्न दुपारी बाराचं. पण पिरनवाडीहून वऱ्हाडाची मोटार निघाली आणि वाटेत तिचं टायर तीनदा फुटलं. शेवटी त्यात कडबा कोंबला, आणि मग म्हणे वाटेतली सगळी गुरं त्या मोटारीमागं निपाणीपर्यंत पळत आली. अक्षता पडायलाच पाच वाजले.

गावचा रिवाज असा की जैन शेजारी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून लग्नात पहिली पंगत त्यांची. पाटील बसले, त्यांच्या शेजारी भूपाल, तोही जैनच, पुढं बाकीची मंडळी. पत्रावळीवर गव्हाची खीर, भजी, भाताची मूद. सूर्य डोंगरावर हातभर उरलेला. पण नवरा-नवरीनं नाव घेऊन एकमेकांना घास दिल्याशिवाय कुणी पत्रावळीला हात लावायचा नाही, हाही रिवाजच. आणि पाटलांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नव्हतं.

"घे गं सूनबाई, लवकर घे," नवऱ्याची आत्या नागुबाई म्हणाली. नागुबाई म्हणजे पिरनवाडीची तोफ. ती बोलायला लागली की बेळगावच्या छावणीतले गोरे शिपाई पलटणीत उभे राहायचे, असं म्हणतात.

बाळाबाईनं खिरीचा घास उचलला. शंभर डोळे तिच्यावर. घाम फुटला. डोळे मिटले. आणि वीस दिवसांत डोक्यात जे शिरलं होतं, तेच जसंच्या तसं बाहेर आलं.

वेदगंगेच्या काठावर डोलतोय ऊस,
भूपालराव बोलले की जीवात पडतो पाऊस.

"वा वा," दोघं-तिघं म्हणाले. मग मांडवात अशी शांतता पसरली की खिरीत पडलेल्या वेलदोड्याचा आवाज यावा.

"थांबा," नागुबाई म्हणाली. "कुणी घास उचलू नका. ह्यो भूपालराव कोण?"

बाळाबाईनं डोळे उघडले, काय झालं ते कळलं, आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

नवरा परशराम वर्षाला मोजून अकरा शब्द बोलणारा माणूस. त्यानं त्यातले दोन खर्च केले. "चुकलं असंल."

"तू गप. आन् म्हणे, बोलले की पाऊस पडतो. तू बोलतोस कवा रं? ह्यो उखाणा तुझा न्हवंच." नागुबाईनं पंगतीवर नजर फिरवली. गावातले सगळे एकाच माणसाकडं बघत होते, त्यामुळं शोधायला फार वेळ लागला नाही. "तुझं काय नाव रं बाबा?"

भूपालचा चेहरा भातासारखा पांढरा झाला. खोटं बोलता आलं असतं. पण त्याला तेही सुचलं नाही. "भूपाल," तो म्हणाला.

मांडवात एकच कालवा झाला. बाळाबाईच्या आईनं कपाळाला हात लावला. पिरनवाडीची माणसं उभी राहिली. कुणीतरी मोटारवाल्याला हाक मारली.

ब्राह्मी वाढायच्या बायकांत पळी धरून उभी होती. गप्प राहिलं तर बाळाबाईचा संसार पहिल्या घासालाच मोडतो. बोललं तर आप्पा समोर, गाव समोर, आणि उद्या चिकोडीची माणसं दारात. कुमारी पोरीनं चारचौघांत परक्या पुरुषाचं नाव आपलं म्हणायचं, म्हणजे पुढं कुठल्याच दारात उभं राहायला नको.

तिनं पळी खाली ठेवली आणि मांडवाच्या मधोमध आली.

"आत्या, बाळाबाईची चूक न्हाय. उखाणा मी बांधलाय. नाव बी मी घातलेलं. तिनं नुसतं पाठ केलं. ती त्या माणसाशी जन्मात बोलल्याली न्हाय."

"तू का घातलंस?"

"जागा... जागा भराया."

"का? गावातली नावं संपली व्हती?"

ब्राह्मीच्या तोंडून शब्द फुटेना. उपमा, रूपकं, यमकं, सगळी पळाली. दोन वर्षांची असल्यापासून जिला कधी कुणी गप्प बघितलं नव्हतं, ती मांडवात हात लोंबते सोडून उभी.

"हे बघ पोरी," नागुबाईचा आवाज जरा खाली आला. "आमच्या सुनेच्या तोंडातनं नाव निघालंय. ते कुणाचं तरी ठरल्याबिगर ही मोटार सुनेला घेऊन जायची न्हाय. बोल. कुणाचं हाय त्ये नाव?"

"माझं," ब्राह्मी म्हणाली.

"साकु, ब्राह्मी," आप्पा कडाडले. राग आला की ते कन्नडात जायचे, आणि साकु म्हणजे बास. "आत जा."

ती गेली नाही. गेली नाही, आणि त्या पंगतीत कोणाकडंही बघितलं नाही. त्यामुळं भूपाल उठलेला तिला दिसला नाही. आधी आवाज आला. घोकंपट्टीचा नव्हता तो. कापरा, अडखळता, जसा कुणी अंधाऱ्या खोलीत चाचपडत चाललाय.

"थांबा. मला पण... नाव घ्यायचंय."

"घे," नागुबाई म्हणाली. "आज सगळेच घ्या."

भूपालनं खिसा चाचपला. वही नव्हती. मग त्यानं हात मागं बांधले, ब्राह्मीकडं बघितलं, चांगलं भर मांडवात, मान वर करून बघितलं, आणि म्हणाला,

"उपमा हुडकली, रूपक हुडकलं, एक बी जमलं न्हाय...
ब्राह्मीसारखी सगळ्या मुलखात नुसती ब्राह्मीच हाय."

पुस्तकी बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. ओळ बोलून तो असा दमला की जसा निपाणीहून बेळगावला पळत जाऊन आलाय.

नागुबाई विचारात पडली. "उखाणा काय लई भारी न्हाय," ती म्हणाली. "पर त्यो खोटं बोलत न्हाय." मग ती वळली. "पाटील, तुमी काय म्हणतासा? मी तर बाई घास उचलू देत न्हाय तवर."

सगळ्यांनी पाटलांकडं बघितलं. पाटलांनी सूर्याकडं बघितलं. चार बोटं उरला होता. मग खिरीकडं बघितलं. मग लेकीकडं. लोक आजही म्हणतात की पाटील भुकेपायी कबूल झाले. पण पाटील लेकीकडं बघत राहिले ते खिरीपेक्षा जास्त वेळ. आई गेली त्या दिवशीसुद्धा ही पोर बडबडत होती, आप्पांना हसवायला बघत होती. आज तिला एक ओळ सुचत नव्हती, आणि तरी ती मागं सरत नव्हती.

"चिकोडीला मी शब्द दिलेला न्हाय," ते म्हणाले. "या म्हणलोय, येवढंच. नका येऊ म्हणून बी सांगता येतंय." मग शेजारी उभ्या भूपालकडं मान वर करून, "परीक्षा कदी हाय, मास्तर?"

"सोमवारी."

"पास व्हशीला?"

"अलंकारांत तरी... व्हईन."

"अलंकारांत झालासा की बास. बसा खाली आता. खीर निवली."

भूपाल बसला, तो पाटाऐवजी तांब्यावर. बाळाबाईनं नाक पुसलं आणि उखाणा पुन्हा म्हटला, परशरामरावांच्या नावानं, एकेक अक्षर तपासून. परशरामनं उरलेल्या शब्दांतला एक खर्च केला. "ब्येस," तो म्हणाला. आणि पंगत सुरू झाली. त्या दिवशी सूर्य डोंगराच्या कडेवर हनुवटी टेकून बसला होता. पाटलांचं ताक पिऊन झालं, त्यांनी हात धुतले, तेव्हा कुठं तो खाली उतरला. खोटं वाटत असेल तर निपाणीत कुणालाही विचारा.

हात धुवायच्या जागी ब्राह्मी तांब्या घेऊन उभी राहिली. भूपाल समोर आला, ओंजळ पुढं केली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली. "ब्राह्मीसारखी ब्राह्मीच... ह्या अलंकाराला काय म्हणत्यात?"

"अनन्वय. ज्याला दुसऱ्या कशाचीच उपमा चालत नाही, त्याला त्याचीच द्यायची."

"म्हंजे त्ये बी पुस्तकातलंच."

"त्याचं नाव पुस्तकातलं." तो थांबला. "बाकीचं न्हाय."

ब्राह्मीनं तांब्या कलता केला. निम्मं पाणी त्याच्या हातावर पडलं, निम्मं पायावर. दोघांनाही कळलं नाही.

"परीक्षेत लिवू नगा त्ये," ती म्हणाली.

"का?"

"त्या तपासणाऱ्या सायबाचा काय संबंध?"

भूपाल सकाळच्या मोटारीनं बेळगावला गेला, आणि आठवड्यानं परत आला तो सरळ खळ्यावर. पेपर सोपा गेला म्हणाला. उपमा लिहिली, अपन्हुती लिहिली, व्यतिरेक तर असा लिहिला की पर्यवेक्षक मागं उभा राहून वाचत हसला. शेवटचा प्रश्न तेवढा सोडून आला.

"कुठला?" ब्राह्मीनं विचारलं.

"अनन्वय अलंकाराचं स्वतःचं उदाहरण द्या. सहा मार्कांना होता."

"आन् सोडलासा?"

"तूच म्हणालीस, लिवू नगा."

ब्राह्मीनं कठड्यावर त्याच्यासाठी जागा केली, चांगली ऐसपैस, आणि म्हणाली, "बसा. आता मला म्हणून दाखवा. परत."